कुकुर तिहार : डोंगरातील श्वानांची दिवाळी

वाचकहो, आपल्या सणावारांत मुक्या जनावरांना मानाचे स्थान आहे, हे आपण जाणताच. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लागतो आणि पाठीवर झूल चढते. ज्याचे भय वाटते त्या नागापुढेही आपण श्रावणात हात जोडतो. परंतु रात्रभर आपल्या उंबरठ्यावर जागणाऱ्या आणि घरच्या माणसाचे पाऊल गल्लीच्या तोंडाशीच ओळखणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला पंचांगातील एकही तिथी आलेली नाही. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान उभे असतात आणि आपण त्यांना चार वेदांची प्रतीके मानतो. जेजुरीच्या खंडोबाच्या चित्रातही घोड्याबरोबर कुत्रा धावताना दिसतो. असे असूनही त्याचा म्हणून स्वतंत्र दिवस आपण ठेवलेला नाही.

नेपाळात आणि आपल्या देशात दार्जिलिंग-सिक्कीमच्या नेपाळीभाषक घरांत मात्र असा दिवस आहे. तेथे दिवाळीला ‘तिहार’ म्हणतात आणि तिहाराच्या पाच दिवसांपैकी दुसरा दिवस असतो ‘कुकुर तिहार’. कुकुर म्हणजे कुत्रा. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाची लगबग चालू असते, त्याच तिथीला तिकडच्या अंगणांत कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. हा सोहळा एकदा डोळ्यांनी पाहावा, या इच्छेने एका दिवाळीत मी दार्जिलिंगला गेले. तेथे जे पाहिले, त्यातून घरी कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला काही घेता येईल असे वाटल्यावरून हा लेख आपल्यापुढे ठेवीत आहे.

न्यू जलपाईगुडीच्या स्थानकात उतरले की मैदान संपत आल्याची जाणीव होते. १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पोहोचलेली दोन फूट रुंदीची छोटी आगगाडी येथूनच निघते. सुमारे ८८ किलोमीटरचा मार्ग ती गिरक्या घेत, कधी पुढे तर कधी मागे सरकत चढते. १९९९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. २,२५८ मीटर उंचीवरील घूमचे स्थानक आले की थंडी अंगाला झोंबू लागते. तेथून गाडी थोडी खाली उतरते आणि उतरणीवर एकावर एक रचल्यासारखी दार्जिलिंगची घरे दिसू लागतात. पावसाळ्याचे ढग पांगल्यामुळे या दिवसांत ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा शिखर सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसते.

येथली मुख्य भाषा नेपाळी. १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आपल्या कोंकणीसह जिला स्थान मिळाले, तीच ही भाषा. देवनागरी लिपीमुळे दुकानांच्या पाट्या मराठी माणसाला सहज वाचता येतात, पण शब्द मधूनच चकवतात. ज्या घरी माझी उतरण्याची सोय झाली होती, तेथील वृद्ध घरमालकीण मला पहिल्याच दिवशी ‘नानी’ म्हणाल्या. हिंदीतली नानी म्हणजे आईची आई. सत्तरी उलटलेल्या बाईंनी मला आजी का म्हणावे, हे काही केल्या उमजेना. मग नववीत शिकणाऱ्या त्यांच्या नातीने हसत खुलासा केला, की नेपाळीत नानी म्हणजे बाळ. आजीला येथे ‘बोजू’ म्हणतात. तेव्हापासून त्या माझ्याही बोजू झाल्या.

या घरात काले नावाचा बारा वर्षांचा काळा कुत्रा होता. थोराड अंगाचा, मानेभोवती दाट केस असलेला, एका कानाने किंचित कमी ऐकणारा. तिहाराच्या पहिल्या दिवशी, ‘काग तिहारा’ला, कावळ्यांसाठी छपरावर भात ठेवला गेला. कावळा हा यमाचा दूत. तेव्हा त्याने या घरात वाईट वार्ता आणू नये, हा त्यामागचा भाव. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने ‘सायपत्री’ची, म्हणजे झेंडूची, माळ ओवली. दह्यात तांदूळ आणि लाल अबीर कालवून टिका तयार झाला. पायरीवर चटई अंथरून काले याला बसवले, माळ घातली, कपाळावर डोळ्यांपासून दूर असा टिका लावला आणि पुढ्यात ताटली ठेवली. तीत मऊ भात, बिनतिखटामिठाचे शिजवलेले मांस, एक उकडलेले अंडे आणि तांदळाच्या पिठाच्या कंकणाकार सेलरोटीचा लहानसा तुकडा होता. बोजूंनी हात जोडून दोन शब्द पुटपुटले. सारा विधी दहा मिनिटांत आटोपला.

मला कौतुक वाटले ते त्यानंतरच्या गोष्टीचे. बोजूंनी काले याच्या गळ्यातील माळ काढून खुंटीला लावली आणि ताटलीतील निम्मे मांस बारीक तुकडे करून अंगणातल्या वाळल्या पानांत इकडेतिकडे टाकले. तो म्हातारा कुत्रा उठला आणि नाक जमिनीला लावून पाऊण तास एकेक तुकडा हुडकीत राहिला. शेपूट संथपणे हलत होती. मध्येच तो थांबे, मान वर करून वारा घेई आणि पुन्हा शोधू लागे. मी विचारले, “बोजू, ताटलीतच का नाही दिलंत सगळं?” त्या म्हणाल्या, “नानी, माळ आणि टिका ही आमची पूजा. ती झाली. आता त्याची होऊ दे.”

दुपारी गावात फेरफटका मारला. चौरस्त्यावर, कवी भानुभक्तांच्या पुतळ्याच्या आसपास उन्हात पहुडलेल्या बेवारशी कुत्र्यांच्याही गळ्यात माळा होत्या. शाळकरी मुले खिशातून बिस्किटे काढून देत होती. मागच्या टेकडीवर महाकालाचे मंदिर आहे. तेथे हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा एकाच आवारात पूजा करतात. कुत्रा हे भैरवाचे वाहन असल्याने त्या वाटेवरील कुत्र्यांनाही प्रसाद मिळत होता.

या श्रद्धेची मुळे फार खोल आहेत. इंद्राच्या हरवलेल्या गाईंचा माग काढणारी सरमा ऋग्वेदात आहे आणि यमाच्या वाटेवर पहारा करणारे चार डोळ्यांचे दोन कुत्रेही तेथेच आहेत. महाभारताची तर गंमतच आहे. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थळी आलेल्या सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसते. सरमा येऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, तेव्हा ती शाप देते. आणि अखेरीस, महाप्रस्थानाच्या वाटेवर, सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसण्यास युधिष्ठिर नकार देतो. निरपराध कुत्र्यावरील अन्यायापासून शरणागत कुत्र्यावरील निष्ठेपर्यंत एवढा मोठा पल्ला या ग्रंथाने आखला आहे.

परंतु बोजूंच्या त्या एका वाक्यात आजचे प्राणिशास्त्र सामावले होते, हे मला दुसऱ्या दिवशी जाणवले. दार्जिलिंगमध्ये १९५८ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे. पद्मजा नायडू यांचे नाव त्याला दिलेले आहे. हिमबिबट्या आणि लाल पांडा या दुर्मिळ प्राण्यांच्या प्रजननासाठी ते ओळखले जाते. तेथे हिंडताना हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाची आठवण झाली. बंदिवासातील वन्य प्राण्यांवरील त्याचा ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. प्राण्याला केवळ पोटभर अन्न आणि स्वच्छ पिंजरा पुरत नाही, त्याला करण्याजोगे काही काम लागते, हा विचार त्याने आग्रहाने मांडला. पुढे प्राणिसंग्रहालयांत अन्न लपवून ठेवणे, नवे वास व नव्या वस्तू देणे अशा रीती रूढ झाल्या आणि तेथून तो विचार घरच्या कुत्र्यामांजरांपर्यंत आला.

कुत्र्याचे काम म्हणजे प्रामुख्याने नाकाचे काम. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे ५०-६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक असतात असे मानले जाते. आपण दिव्याच्या खांबाजवळून नुसते जातो. कुत्र्याला मात्र तो खांब म्हणजे गावची चावडी वाटते. कोण आले, कोण गेले, कोण आजारी आहे, हे सारे त्याला तेथे कळते. त्याला तेथून साखळीने ओढून नेणे म्हणजे चावडीवरच्या माणसाला दंडाला धरून उठवणे होय. फिरायला नेताना निदान दहा मिनिटे तरी त्याने वाट ठरवावी आणि आपण मागून चालावे. तेवढ्याने तो जितका तृप्त होतो, तितका तासभर धावूनही होत नाही.

काम नसलेला कुत्रा दिवसभर झोपतो किंवा चपला कुरतडतो, दाराशी भुंकत बसतो, स्वतःचेच पाय चाटून जखमा करून घेतो. आपण त्याला खोडकर म्हणतो. बहुधा तो कंटाळलेला असतो. यावरचा उपाय खर्चिक नाही. आपल्या देशात तर प्रत्येक ऋतू स्वतःचा खेळ घेऊन येतो.

प्रथम हिवाळा पाहू. या ऋतूत कुत्र्याला उत्साह असतो आणि भूकही चांगली असते. पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेले कागद भरावेत, त्यांत पोळीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे लपवावेत आणि खोके त्याच्यापुढे ठेवावे. त्याने ते फाडले तर फाडू द्यावे, फक्त कागद वा खोक्याला लावलेल्या पिना गिळत नाही ना, एवढे पाहावे. दार्जिलिंगच्या बाजारात याच दिवसांत ‘छुर्पी’चे टणक तुकडे दोऱ्यांत ओवून टांगलेले दिसतात. दुधापासून केलेला हा खरवसाहूनही कितीतरी घट्ट पदार्थ डोंगरी माणसे तासन्‌तास चघळतात. आता नेपाळातून तो कुत्र्यांच्या चघळण्यासाठी परदेशीही जातो. काले याला आठवड्यातून एकदा छुर्पी मिळे. मात्र तुकडा गिळण्याइतका लहान झाला, की नात तो काढून घेई. नाहीतर तो घशात अडकण्याचे भय असते.

उन्हाळ्यात नागपूर, दिल्ली किंवा जयपूरच्या वाचकांना वेगळी काळजी घ्यावी लागते. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि घाम त्याला मुख्यतः पंजांच्या तळव्यांतूनच येतो. अंग निववण्यासाठी तो जीभ काढून धापा टाकतो. म्हणून फिरणे सूर्योदयापूर्वी आणि रात्री असावे. रस्त्यावर हाताची मागील बाजू सात-आठ सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता त्याच्या पंजांसाठी नाही. दुपारी सावलीत ओले गोणपाट अंथरावे. उथळ घमेल्यात पाणी भरून त्यात दोन-चार गाजराचे तुकडे सोडावेत. ते काढण्याच्या नादात तो भिजतो आणि निवतो. पातळ बिनसाखरेचे दही वाटीत गोठवून दिले, तर अर्धा तास चाटीत बसतो. आंब्याची कोय मात्र कधीही देऊ नये. ती आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

पावसाळा हा खरा कसोटीचा काळ. दार्जिलिंगला जून ते सप्टेंबर पावसाची झड थांबत नाही, आणि आपल्या कोकणातही तेच. बाहेर जाता येत नाही, म्हणून घरातच खेळ मांडावेत. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली भाकरीचा तुकडा ठेवावा आणि त्याला ओळखू द्यावे. जुन्या टॉवेलात खाऊ ठेवून त्याची वळकटी करावी आणि ती उलगडण्याचे काम त्याला द्यावे. मुलांना आवडणारा खेळ लपाछपीचा : एकाने कुत्र्याला धरावे, दुसऱ्याने दाराआड लपून हाक मारावी, आणि सापडताच दोघांनीही आनंद करावा. बोजूंची नात लहानपणी असेच खेळून काले याला आपले नाव ओळखायला शिकली, असे तिची आई सांगत होती. या दिवसांत पंजे कोरडे करावेत, कानांत व बोटांमध्ये गोचीड पाहावी, साचलेले पाणी पिऊ देऊ नये. रेबीजची आणि पशुवैद्य सांगतील त्या अन्य लसी वेळेवर टोचून घेणे हे तर बारमाही कर्तव्य आहे.

आता पुन्हा तिहाराकडे वळू. अमावास्येच्या संध्याकाळी, लक्ष्मीपूजन झाल्यावर, मुलींचे घोळके घरोघर ‘भैलो’ गात फिरतात. दारोदारी पणत्या लागतात, गाणारणींना सेलरोटी व पैसे मिळतात. वर्षभर मुली या रात्रीची वाट पाहतात. बोजूंची नात मात्र नवा पोशाख घालून आतल्या कोठीच्या खोलीत बसली होती. खिडकीवर जाड घोंगडी टाकलेली, रेडिओ लावलेला आणि तिच्या मांडीला टेकून काले पडलेला. अंधार पडताच दरीतून फटाक्यांचे आवाज येऊ लागले होते आणि प्रत्येक आवाजासरशी त्याचे अंग थरथरत होते.

“तू नाही का गेलीस भैलोला?” मी विचारले.

“जाईन ना, दिदी. आई परत आली की. तोवर याच्याजवळ कुणीतरी हवं.”

मग तिने सांगितले, की चार वर्षांपूर्वी अशाच रात्री सारे घर बाहेर असताना काले भिंतीवरून उडी टाकून पळाला. तीन दिवस पत्ता नव्हता. अखेर खालच्या चहाच्या मळ्यात एका ओहोळाकाठी सापडला. पंजा फाटलेला होता आणि पाणी पिण्याचेही त्राण उरले नव्हते. त्या वर्षापासून घरातील माणसांनी पाळी लावली आहे. आदल्या दिवशी ज्याला टिका लावला, त्याला दुसऱ्या रात्री एकटे टाकायचे नाही.

वाचकहो, ही हकीकत केवळ त्या एका घराची नाही. माणसाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. शिवाय आपल्याला जो आवाज दुरून आल्याने ऐकूही येत नाही, तो त्याच्या कानावर स्पष्ट आदळतो आणि फटाका म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजी फटाक्यांना मनाई केली. पण अंधार पडल्यापासून दहा वाजेपर्यंतच्या वेळेतच कित्येक कुत्री दाव्यासकट पळतात आणि पुन्हा घरी येत नाहीत.

म्हणून आपल्या घरच्या दिवाळीची तयारी करताना या काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या संध्याकाळी कुत्र्याला दिवस मावळण्यापूर्वीच फिरवून आणावे आणि खाऊ घालावे. घराच्या आतल्या बाजूची एक खोली त्याच्यासाठी आठवडाभर आधीपासून नेमावी. तेथे त्याचे अंथरूण, घरातील कोणाचे तरी वापरलेले वस्त्र आणि पाणी असावे. पडदे ओढावेत, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा. गळ्यातील पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भय वाढते, ही समजूत खरी नाही. त्याला जवळ यावेसे वाटले तर येऊ द्यावे, लपावेसे वाटले तर लपू द्यावे, पण ओढून बाहेर काढू नये आणि रागावू तर मुळीच नये. फारच भिणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याचा सल्ला आधीच घ्यावा. माणसांची औषधे त्याला देऊ नयेत.

फराळाच्या ताटातूनही त्याला लाडाने काही देण्याचा मोह होतो. चॉकलेट त्याला विषासारखे आहे. बेदाणे, मनुका आणि द्राक्षे यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तेव्हा बेदाणे घातलेला लाडू वा शिरा वर्ज्यच. कांदा-लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतात. मिठाईऐवजी मऊ भात, उकडलेले अंडे, रताळ्याचा तुकडा यांनी त्याचा सण गोड होतो. आणि हे सारे ताटलीत न देता खोक्यात, टॉवेलात किंवा अंगणातल्या पानांत लपवून दिले, तर त्याच्या दृष्टीने तीच मोठी मेजवानी.

त्या रात्री नऊच्या सुमारास नातीची आई परतली आणि खोलीत काले याच्याजवळ बसली. नात उड्या मारीत पायऱ्या उतरून आपल्या मैत्रिणींना जाऊन मिळाली. थोड्याच वेळात खालच्या वळणावरून भैलोचे सूर ऐकू आले. दीड-दोन तास तिने वाट पाहिली होती, पण तिच्या बोलण्यात त्याबद्दल त्रासिकपणाचा लवलेशही नव्हता. घरातील लहान भावंडाजवळ आळीपाळीने बसावे, इतक्या सहजतेने ते कुटुंब हे करीत होते.

आपल्या पंचांगात नवी तिथी घालण्याची गरज नाही. यंदा नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आणि फराळ झाल्यावर घरातील मुलांनी आपल्या कुत्र्यासाठी एक खोके भरावे, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोणी कधी बसायचे, याची पाळी मोठ्यांनी सकाळीच ठरवून ठेवावी. झेंडूची माळ त्याला घालायची की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.